आग्रहकर्त्यांस खुले पत्र

प्रति: नांदेड व लातूर जिल्ह्यांतील समस्त आग्रहकर्ते यजमान
विषय: ताटात अन्न टाकण्याच्या कामी मिळत असलेले अखंड सहकार्य

मराठवाड्यातल्या घरांत अन्न वाया जाते ते अंदाज चुकल्याने, शिळ्याची लाज वाटल्याने आणि आग्रहाने. पहिल्या दोन्हींवर उपाय जुनेच आहेत. शिळ्या भाकरीचे तुकडे फोडणीला पडतात, शिळ्या पोळीचा कुस्करा मुले मागून खातात. आग्रहावर मात्र उपाय नाही, कारण तो दोष समजला जात नाही. तो मान आहे.

आग्रहाचा पूर्ण विकास अधिक महिन्यात पाहावा. २०२३ साली श्रावण अधिक आला आणि घरोघर जावयांना धोंड्याचे जेवण झाले. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. जावई ताटावर हात आडवा धरतो. आग्रहशास्त्रानुसार हा नकार नसून लाजण्याचा प्रकार होय. सबब बोटांच्या फटीतून तूप सोडले जाते. तरीही हात हलला नाही, तर ‘आमच्या घरचं आवडलेलं दिसत नाही’ हे अंतिम अस्त्र निघते. त्यापुढे कोणाचाही नकार टिकत नाही. चौथा धोंडा अर्धा राहतो. पातेल्यात उरलेले सकाळी खाता येते. ताटात उरलेले उष्टे होते आणि घरातले कोणीही त्याला हात लावत नाही. अन्न वाचते की जाते, याचा निकाल पातेले आणि ताट यांच्यामधल्या हातभर अंतरात लागतो, आणि तिथे पळी यजमानाच्या हाती असते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते, असा अंदाज आहे. त्यात साली-देठेही आली. यजमानांनी साली वजा करून घ्याव्यात. हिशेब तरीही त्यांच्याच नावावर निघेल.

लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. एक किलो धान पिकायला पावसाचे आणि पाटाचे मिळून सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते. म्हणजे त्या अख्ख्या गाडीत २०० किलो धानाचे पाणी होते. त्या उन्हाळ्यात शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. त्याच शहरात मांडवामागे भाताची घमेली उपडी होतात आणि पुढे यजमान छाती काढून सांगतो, ‘उरलं, पण कमी पडू दिलं नाही.’ ही निर्लज्जपणाची गोष्ट आहे. याहून सौम्य शब्द तिला लावू नये.

तरी सगळा दोष यजमानाचा नाही. १९७२ च्या दुष्काळात त्याच्या घरच्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनची मिलो ज्वारी दळली. त्या घरात भरलेले ताट पुढे करता येणे हीच मोठी कमाई होती. शिवाय भावकी टपलेली असते. वरण पातळ झाले होते, हे ती नातवाच्या लग्नापर्यंत विसरत नाही. किती फेकले, हे कोणी विचारत नाही. कमी पडले तर बोल स्वयंपाक करणारीला लागतो, म्हणून तीही मूठभर जास्तच टाकते.

नांदेडमध्येच याहून वेगळी रीत रोज चालते. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात जेवणारा दोन्ही हात पुढे करतो, तेव्हा रोटी मिळते. पुन्हा हवी तर पुन्हा हात पुढे करायचा. मागण्यात कमीपणा नाही, त्यामुळे आधीच जास्त वाढून ठेवण्याचे कारण उरत नाही.

यजमानांकडून अपेक्षा फार नाही. पहिले वाढप निम्मे असावे, भांडी पाहुण्यांच्या हाताशी ठेवावीत, उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा. आणि पाहुण्याचे ‘नको’ एकदाच ऐकून पळी मागे घ्यावी, ही विनंती.

कळावे.