आवक-जावक

दिव्यांगांना सरकारी नोकरीत जागा राखणारा कायदा आहे आणि तो पाळला जातो का हे बघायला रखवालदारही आहे. २०१६च्या कायद्यानं ४ टक्के जागा राखल्या आणि दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले. समन्स काढा, कागद मागवा, साहेबाला समोर उभं करा. पुढे गंमत झाली. गेल्या काही वर्षांत या पदाचा अतिरिक्त कार्यभार अनेकदा केंद्राच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाच्या सचिवांकडेच राहिला.

कुंपण शेत खातं, असं मी म्हणणार नाही. इथं कुंपण आणि शेत एकाच सातबाऱ्यावर आहेत, एवढंच.

समजा, एका अंध उमेदवारानं त्या विभागाचीच तक्रार केली. आयुक्तसाहेब वाचतात, संतापतात आणि सचिवांना खरमरीत पत्र धाडतात. मेजावर पाट्या दोन, मागे खुर्ची एक. पत्र फूटपट्टीनं पलीकडे सरकवता आलं असतं. पण जावक नंबर पडल्याशिवाय आवक नंबर कसा पडणार? म्हणून शिपाई लखोटा घेऊन बाहेर पडतो, जिन्यापाशी चहा मारतो आणि त्याच दारानं आत येतो. ‘‘साहेब, आयुक्तांकडून अर्जंट डाक.’’ सचिवांना घाम फुटतो.

उलट टपाली उत्तर जातं : सुयोग्य उमेदवार न मिळाल्यानं जागा पुढच्या भरती वर्षात नेली आहे. कायद्यात तशी सोय आहेच. मग आयुक्त शिफारस करतात. हुकूम नव्हे, शिफारस. ती ३ महिन्यांत अमलात आणा, नाही तर का आणत नाही ते ३ महिन्यांत कळवा, असं कलम ७६ सांगतं. म्हणजे नकारसुद्धा वेळेवर द्यायचा!

घाई कसली? १९९५च्या कायद्यानं ३ टक्के जागा दिल्या होत्या. पण कशाचे ३ टक्के, हे सर्वोच्च न्यायालयाकडून कळायला २०१३ उजाडलं. न्यायालयानं रिकाम्या जागा मोजायला मुदत दिली, तीही ३ महिन्यांचीच.

एखाद्या आस्थापनेला आरक्षणातून सूट द्यायची, तर सरकारनं आधी आयुक्तांशी विचारविनिमय करावा, अशीही अट आहे. खुर्ची एकच असली की त्याला बैठक लागत नाही. आरसा पुरतो.

अखेर सुनावणीचा दिवस येतो. साहेब विभागाची बाजू मांडतात, घोटभर पाणी पितात, पाटी फिरवतात आणि त्याच बाजूवर कडक ताशेरे ओढतात. तक्रारदाराला पाट्या दिसत नाहीत. तो काठी गुडघ्याशी धरून शांतपणे ऐकतो आणि शेवटी अदबीनं विचारतो,

‘‘साहेब, दुसरे साहेब अजून आले नाहीत का?’’