घाटाचा जाणकार

नानांनी आयुष्यात स्वतः एखाद्या स्पर्धेत भाग घेतल्याचं तुंगार्लीत कुणाला आठवत नाही. निकाल मात्र त्यांनी सगळ्या स्पर्धांचे सांगितले आहेत, तेही स्पर्धेच्या आधी. नगरपरिषदेची निवडणूक, जत्रेतली कुस्ती, दहावीला शाळेत पहिलं कोण येणार, भजनाची ढाल कुठल्या गावाला जाणार, सगळं त्यांना आठवडाभर आधी ठाऊक असतं. निकाल वेगळा लागला, तर तो निकाल चुकलेला असतो.

असा माणूस गावोगाव असतो. आमचा नमुना एवढाच वेगळा की तो हल्ली रोबोटचे निकाल सांगतो.

नानांचं मूळ क्षेत्र बैलगाडा शर्यत. मावळातला शर्यतीचा एकही घाट त्यांनी सोडला नाही. नाणोलीला गाडा सुटायच्या आधी ते कासऱ्यापाशी उभे राहून बैलांच्या खुरांकडे बघायचे, आणि मग सावकाश म्हणायचे, “हा पहिल्यात येतो.” पंचांच्या घड्याळापेक्षा नानांच्या मानेवर लोकांचा भरवसा. ती होकारार्थी हलली की गाडामालक चहा पाजत, नकारार्थी हलली की दोन चहा पाजत.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. घाट ओस पडले. गाडामालकांचं नुकसान झालं, ते दिसलं. जाणकारांचं काय झालं याची कुणी विचारपूस केली नाही. नानांकडे पन्नास वर्षांचं ज्ञान तुंबलं होतं आणि गावात बघायला उरले होते ते फक्त धरणाच्या रस्त्यावर गाड्या अडकवून बसलेले शनिवार-रविवारचे मुंबईकर. त्यांच्यात कोण आधी सुटणार, हेही नाना सांगत. पण त्यात दर्जा नव्हता.

त्याच साली ऑगस्टात शेजारचा पोरगा त्यांना बालेवाडीला घेऊन गेला. पोरगा पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, रोज लोकलने ये-जा. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ‘आबू रोबोकॉन’ होती. आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांची ही स्पर्धा 2002 साली टोकियोत सुरू झाली. दरवर्षी एक देश यजमान होतो आणि आपल्या मातीतला खेळ निवडतो. तो खेळ मग देशोदेशीच्या कॉलेजांनी स्वतः बनवलेल्या रोबोटांनी खेळायचा. आपल्याकडून कोण जाणार हे दूरदर्शनच्या राष्ट्रीय फेरीत ठरतं. ती बरीच वर्षं पुण्याच्या एमआयटीबरोबर बालेवाडीत व्हायची. पुढे आयआयटी दिल्लीबरोबर राजधानीत गेली. हे सगळं पोराने लोकलमध्ये समजावलं. नानांनी एकच प्रश्न विचारला, “पल्ला किती सेकंदांचा?”

“तीन मिनिटं, नाना.”

“तीन मिनिटं! बैल बारा सेकंदांत मोकळा होतो. तीन मिनिटं म्हणजे लई दमाचं जनावर पाहिजे.”

त्या वर्षीचा विषय होता पालकत्व. मोठ्या रोबोटने पिल्लू रोबोटला उचलायचं, सी-सॉवर बसवायचं, खांबांवरून चालवायचं, झोपाळ्यावर झोका द्यायचा, शेवटी जंगलजिमवर चढवायचं. सगळं साधलं की त्या विजयाला नाव होतं ‘शाबाश’. नानांचे डोळे तिथे जे चमकले, ते अजून विझलेले नाहीत. जिंकला व्हिएतनामचा लाक होंग विद्यापीठाचा संघ. नाना परतताना म्हणाले, “मी गेल्या गेल्याच ओळखलं होतं.” पोराने शपथेवर सांगितलं की गेल्या गेल्या नाना फक्त “मुतारी कुठाय” एवढंच बोलले होते.

तेव्हापासून राष्ट्रीय फेरी जवळ आली की ओट्यावर नानांचं भाकीतसत्र भरतं. पोरं मोबाइलवर संघांचे व्हिडिओ लावतात, नाना चष्मा कपाळावर चढवून बघतात. (चष्मा डोळ्यांवर असताना त्यांना दूरचं दिसतं आणि कपाळावर असताना भविष्यातलं.) त्यांची परीक्षा ठरलेली. आधी पाय. मग अंग. मग शेपूट, म्हणजे वायरी. मग विचारतात, “किती दाती?” याचा अर्थ, हे यंत्र याच वर्षी जुळवलंय की मागच्या वर्षीच्याच सांगाड्याला नवा रंग दिलाय. पोरं उत्तर द्यायला बिचकतात, तिथे नाना ओळखतात की जनावर जुळलेलं, म्हणजे जुनं, आहे.

दावेदारांचा त्यांचा आढावा पुराव्याला बांधील नसतो. पुण्याचं सीओईपी 1854 सालचं, म्हणून ते घराणं. “घराण्याचा बैल हरला तरी मान खाली घालत नाही.” मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं, माटुंग्याच्या दमट हवेतलं, त्याला दिल्लीची कोरडी हवा सोसणार का, ही चिंता. अहमदाबादचं निरमा विद्यापीठ म्हणजे वजनात मारणार नाही, हिशोबात मारील. आयआयटी दिल्ली घरच्या घाटावर पळणार, म्हणून पाहुण्यांनी जपून. यातलं एक वाक्यही तुम्हाला खोडून काढता येत नाही, कारण एकातही काही सांगितलेलं नसतं. जाणकारीचा पाया तोच आहे.

घरच्या घाटाबद्दल नाना हल्ली जरा कडवट बोलतात, आणि ते मला पटतं. 2008 मध्ये स्पर्धा पुण्यातच होती आणि खेळ होता चक्क गोविंदाचा. मडक्यांतलं लोणी रोबोटांनी काढायचं. दहीहंडी आपली, स्टेडियम आपलं, आणि जिंकलं चीनचं शिआन जिआओतोंग विद्यापीठ. नानांनी हे नंतर ऐकलं, पण दुःख ताज्यासारखं करतात. “हंडी आपण बांधली, लोणी त्यांनी खाल्लं!”

2022 मध्ये यजमानपद पुन्हा भारताकडे आलं, दिल्लीत, आणि खेळ निवडला लगोरी. नानांनी ओट्यावर पेढे वाटले. एका यंत्राने चेंडू मारून पाच चकत्यांची लगोरी फोडायची, जोडीदाराने ती पुन्हा रचायची. रचणाऱ्याच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला. समोरच्याने नेम धरून तो पाडला की डाव संपला. नानांना हा नियम मान्य नव्हता. लगोरीत चेंडू पाठीत बसतो, डोक्यावर कुणी चेंडू ठेवून घेतं का? शिवाय फुटक्या कौलाच्या खापऱ्या कुठायत? आणि चेंडू बसल्यावर ‘लागलाच नाही’ म्हणून भांडणारा कोण? भांडणाशिवाय लगोरी त्यांनी खेळ म्हणून मोजलीच नाही. तोवर डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या. नाना घाटावर परत जातील असं वाटलं. ते गेलेही. पण तिथे पूर्वी “खूर बघा” म्हणणारा माणूस आता “बॅलन्स बघा” म्हणू लागला होता.

त्यांची खरी कसोटी 2024 साली लागली. व्हिएतनाम यजमान, खेळ भातशेतीचा. टप्प्याटप्प्यांची खाचरं, रोपं लावायची, साळीचे दाणे वेचायचे, पोचट बाजूला टाकायचे, चांगले कणगीत भरायचे. मावळात हे ऐकून कोण गप्प बसेल? इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा, 1987 चा. “भात म्हणजे आपलं!” नाना व्हिडिओसमोर बसले. मैदान बघितलं. गुळगुळीत, कोरडं, रंगीत.

“चिखल कुठाय?”

“नाना, चिखल नसतो. स्टेडियम आहे.”

“चिखलणी न करता लावणी? मग पाऊल रुततंय कशात? आणि पाऊल रुतत नाही, तर चांगलं जनावर आणि वाईट जनावर ओळखायचं कसं?”

पोरं हसली. मला मात्र त्या प्रश्नात दम वाटला. सरावाच्या खोलीत नीट चालणारा रोबोट स्टेडियमच्या दिव्यांखाली रेघ चुकतो, कारण सेन्सर जुळवले ते कॉलेजच्या ट्यूबलाइटखाली. फरशीवर न घसरलेलं चाक तिथल्या रंगावर घसरतं. मोठमोठे दावेदार असेच पहिल्या फेरीत घरी जातात आणि तक्ते मांडून भाकितं करणाऱ्यांचे तक्ते तसेच राहतात. रुतण्याची जागा कुठे आहे, हे नाना न शिकता विचारत होते. अर्थात लगेच त्यांनी, भातावर वाढलेला देशच जिंकणार, असं छातीठोकपणे सांगून टाकलं. आशियात त्यातून फार कुणी वगळलं जात नाही.

मागच्या पावसाळ्यात शेजारचा पोरगा (तो केव्हाच पास झाला, आता धाकटा भाऊ त्याच कॉलेजात) एक मेकॅनम चाक घरी घेऊन आला. या चाकाच्या कडेला पंचेचाळीस अंशांत तिरक्या लाटण्या बसवलेल्या असतात. चारी चाकं वेगवेगळी फिरवली की यंत्र न वळता सरळ आडवं सरकतं. नानांनी चाक तळव्यावर घेतलं. अंगठ्याने एकेक लाटणी फिरवली. एक जरा अडखळत होती. तिथे नखाने खरवडून त्यांनी केसाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा बाहेर काढला, धोतराला पुसला, पुन्हा फिरवून बघितलं. धाकट्याच्या अख्ख्या संघाला तो दिसला नव्हता.

“आडवं चालणारं जनावर मी विकत घेतलं नसतं,” नाना म्हणाले, “पण पाय साफ ठेवा त्याचे.”

धाकट्याने मोका साधला. “नाना, खरं सांगा. यंदा आमचा नंबर लागेल?”

नानांनी डोळे मिटले. ओट्यावर शांतता. मग त्यांनी घाटावर गाडामालकाला विचारायचे तो शेवटचा प्रश्न विचारला, “रात्री गोठ्यात कोण झोपतं?”

“म्हणजे?”

“यंत्रापाशी रे. रात्रभर कोण असतं?”

पोरगा घुटमळला. “आम्ही अकराला होस्टेलवर जातो. मग तिथे... वॉचमन असतो.”

“मग त्याला न्या दिल्लीला,” नाना म्हणाले, आणि पुढचा व्हिडिओ लावायला सांगितला.