आकाशदादा

मुंबईच्या उपनगरात प्रत्येक सोसायटीत काही माणसं ठरलेली असतात. वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरणारा एक, शनिवारी रात्री सॅक लावून गडावर पळणारा एक, लिफ्टमध्ये भेटला की शेअर सुचवणारा एक. आणि पाच-दहा सोसायट्यांमागे एक असा, जो चालताना खाली न बघता वर बघतो. हा पंचविशीचा असतो. कुठल्या तरी कंपनीत संगणकासमोर बसून पगार मिळवतो आणि तो पगार आयपीसमध्ये घालवतो. आयपीस म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायचं भिंग, हे त्याच्या आईला आता पाठ झालं आहे, कारण घरातली नवी मिक्सरखरेदी त्यापायीच पुढे गेली. सोसायटीतली पोरं त्याला आकाशदादा म्हणतात. त्याचं खरं नाव नोटीस बोर्डावर थकबाकीच्या यादीत कधी तरी दिसतं, तेवढंच.

आता आकाश बघायचंच होतं तर माणसाने लडाखला जन्म घ्यावा. हा मुलुंडला घेतो, नाही तर बोरिवलीला. एका वेळी नुसत्या डोळ्यांना अडीच-तीन हजार तारे दिसावेत असं आकाशाचं म्हणणं असतं; उपनगर त्यातले काही डझन ठेवून बाकीचे हॅलोजनच्या उजेडात बुडवतं. तरी आकाशदादांमध्ये आपापल्या आकाशाचा अभिमान असतोच. बोरिवलीच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यान, म्हणून बोरिवलीकर सांगतो, "आमच्याकडे तारे उगवताना बघावेत." मुलुंडच्या पश्चिमेला तेच उद्यान, म्हणून मुलुंडकर म्हणतो, "मावळताना आमच्याकडे या." पूर्ण आकाश काय ते मधल्या बिबट्याला दिसतं, आणि त्याला त्यात रस नाही. अंधेरीवाला बोलत नाही. त्याच्याकडे विमानतळ आहे. घाटकोपरचा तर बिचारा बोलूच शकत नाही. विमानं त्याच्या डोक्यावरूनच उतरतात. त्याने पोरांना मोठ्या उत्साहाने "तो बघा, गुरू" म्हणून बोट दाखवावं आणि गुरूने चाकं काढून विमानतळाच्या दिशेला लागावं, असं होतं.

सर्वांत हाल ध्रुवताऱ्याचे. मुंबईचा अक्षांश १९, म्हणून इथून ध्रुव क्षितिजापासून १९ अंशांवर दिसतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की साधारण तिथे. आकाशदादाने एका रविवारी पोरांना त्रिकोणमिती शिकवायला कागदावर मांडून दाखवलं की २०० मीटरवर उत्तरेला २३ मजली टॉवर उभा राहिला, की तळमजल्यावरच्या माणसाचा ध्रुव गेला. पुढच्याच वर्षी समोरच्या चाळीचं रीडेव्हलपमेंट झालं आणि गणित प्रत्यक्षात उतरलं. सुरुचीने बापाच्या मांडीवरून उठवलं म्हणून ज्याने तप करून अढळपद मिळवलं, त्याला शेवटी बिल्डरने उठवलं. या वेळी पर्यायी जागाही मिळाली नाही.

त्याचं कॅलेंडर तुमच्याआमच्यापेक्षा वेगळं. कोजागरीला सगळी सोसायटी गच्चीवर जमते, मसाला दूध होतं, आणि कोणी तरी प्रेमाने हाक मारतं, "अरे, आज तुझा दिवस! आण दुर्बीण." हा कसनुसा हसतो. पौर्णिमेच्या चंद्राने उरलेसुरले तारेही पुसलेले असतात, आणि चंद्रावर समोरून ऊन पडलेलं असल्याने विवरांच्या सावल्याही दिसत नाहीत. त्याला हवी असते अमावास्या. त्या रात्री घराबाहेर पडायचं नाही हा आईचा नियम. त्याच रात्री अंधार गाठायला शहराबाहेर वांगणीला जायचं हा त्याचा. या एका मुद्द्यावर त्या घरात जेवढी भाषणं झाली तेवढी विधिमंडळात होत नाहीत.

जून ते सप्टेंबर तो सुतकात असतो. ढग, ढग आणि ढग. मुंबईच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर येतो, आणि भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पोरांना विज्ञान दाखवायला याहून स्वस्त प्रयोग नाही: एक डबा, एक काठी, बस. पण निसर्गाने यातला एक दिवस ठेवला मेच्या मध्यावर, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास, जेव्हा शाळेला सुट्टी असून अर्धी पोरं गावाला आंबे खात असतात. दुसरा ठेवला जुलैअखेरीस, जेव्हा पोरं हजर असतात आणि सूर्य गैरहजर. तरी आकाशदादा दर जुलैला डबा-काठी घेऊन शाळेच्या पटांगणात छत्री धरून उभा राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ वी आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिंपियाड मुंबईत भरली, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या यजमानपदाखाली, तेव्हा देशोदेशीची हुशार मुलं ऐन पावसाळ्यात या शहरात आली. "आता कळेल जगाला आम्ही काय सोसतो," एवढंच तो म्हणाला.

ही जमात एकट्याने जगत नाही. हॅलेचा धूमकेतू १९८५-८६ साली येऊन गेला आणि जाताना मुंबईत खगोल मंडळ ठेवून गेला. मंडळाच्या शीवच्या बैठकांत आणि वांगणीच्या रात्रभराच्या आकाशदर्शनात मुंबईच्या किती तरी पोरांनी पहिल्यांदा खरा अंधार पाहिला. आकाशदादाही तिथलाच. त्याची दुर्बीण मात्र घरची. काचेवर काच घासून, मध्ये कार्बोरंडमची पूड घालून, महिनोन् महिने घोटून त्याने सहा इंची आरसा केला, आणि तो पीव्हीसी पाइपात बसवला. हा पाइप घेऊन कर्जत लोकलच्या लगेजच्या डब्यात चढला की भाजीच्या पाट्यांमधून चौकशी होते, "दादा, बोअरिंगचं काम का?" पूर्वी तो न्यूटनपासून समजावून सांगायचा. हल्ली म्हणतो, "हो. उलटं बोअरिंग. वर."

घरच्या गच्चीवर जायचं तर किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. ती मागायची पद्धत ठरलेली आहे.

"कशाला रे?"

"काका, शनी बघायचाय."

"माझा चालूच आहे. साडेसातीचा मधला टप्पा."

मग किती वाजता जाणार, किती जण, आवाज नाही ना करणार, टाकीवर चढणार नाही ना, आणि शेवटी खरी शंका: "समोरच्या बिल्डिंगकडे तोंड नाही ना करणार त्या नळीचं?" उपनगरात दुर्बीण बाळगणाऱ्या प्रत्येक तरुणाला आपलं चारित्र्य असं दर वेळी सिद्ध करावं लागतं. एकदा समोरच्या विंगमधून फोन गेला आणि बीटवरचा हवालदार गच्चीवर आला. आकाशदादाने काही न बोलता त्याला आयपीसला डोळा लावायला दिला. चंद्रावरचे डोंगर बघून हवालदार बराच वेळ वाकलेलाच राहिला, आणि सरळ होऊन त्याने विचारलं, "आमच्या पोरीला आणली तर चालेल का?" तक्रार निकाली निघाली.

गच्चीवर रांग लागते ती शनीला. कुलकर्णीकाकू चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात, पदर सावरतात आणि डोळा लावतात तोवर आत काहीच नसतं.

"गेला की रे तुझा शनी!"

"काकू, शनी नाही गेला. आपण गेलो. पृथ्वी फिरली."

काकूंना आपण हललो नसल्याची खात्री असते. तो पुन्हा नळी सरकवतो, पुन्हा शनी आणतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे शाळेच्या पुस्तकात वाचून पास झालेली पोरं रांगेत उभी असतात. ती फिरते हे त्यांना कुलकर्णीकाकूंमुळे पहिल्यांदा पटतं. २०२५ मध्ये तर फजितीच झाली. शनीची कडी पंधराएक वर्षांनी एकदा पृथ्वीवरून बरोबर कडेने दिसतात, म्हणजे जवळजवळ दिसेनाशीच होतात. नेमका तेव्हाच त्याने नोटीस बोर्डावर "शनीची कडी पाहा" असं लिहिलं होतं. काकूंनी बघितलं आणि निवाडा दिला, "यानेही दागिने लॉकरमध्ये ठेवलेत."

दर्शन झालं की लोक हळूच पत्रिका काढतात. त्यांच्या दृष्टीने ग्रह दिसणारा माणूस आणि ग्रहांचं सांगणारा माणूस यांत फरक नसतो. आकाशदादा साडेसातीचा हिशेब शांतपणे सांगतो: शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं, म्हणजे एका राशीत अडीच, तीन राशींत साडेसात. "म्हणजे जगातली पाव माणसं एका वेळी साडेसातीतच असतात, काका. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणारा धरा." एवढ्याने पटलं नाही तर तो जयंत नारळीकरांचा प्रयोग काढतो. २००८ मध्ये नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी काही हुशार मुलांच्या आणि काही मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिष्यांना वाटल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. "नाणं उडवलं असतं तर ५०," असं म्हणून तो खिशातून नाणं काढतो आणि सेक्रेटरीकाकांना देतो. काका ते परत करत नाहीत.

पण या मुलाचा खरा अवतार बघायचा तो पोरांमध्ये. आपल्याकडे विज्ञान म्हणजे प्रदर्शनातला ज्वालामुखी, जो दर वर्षी त्याच सोड्याने आणि त्याच व्हिनेगरने फुटतो. किंवा होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, जिच्यात लेखीबरोबर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो, म्हणून आईबापांनी प्रात्यक्षिकालाही क्लास लावलेला असतो. आकाशदादाकडे क्लास नाही, फी नाही, आणि आयांना सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे सर्टिफिकेटही नाही. तो फक्त वही आणायला सांगतो. गुरूभोवतीचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले आणि रोज रात्री ते कागदावर मांडत गेला. तेच पोरांनी करायचं. एक मोठा गोल, बाजूला ठिपके, वर तारीख आणि वेळ.

तिसऱ्या रात्री सहावीतल्या एका चुणचुणीत मुलीने वही पुढे केली. चार ठिपके, रेखीव. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, मग वहीत पाहिलं.

"तुला किती दिसले?"

"तीन."

"मग चार का काढलेस?"

"पुस्तकात चार आहेत. एक राहिला तर मार्क जातील ना, दादा?"

आकाशदादा सहसा चिडत नाही. त्याने खोडरबर दिला. "तीन दिसले तर तीनच काढायचे. मग चौथा कुठे गेला असेल ते तू शोधायचं." ती विचारात पडली. पाणीपुरीवाल्याच्या गाडीशी, लिफ्टमध्ये, दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये ती विचारातच होती. रात्री गच्चीवर येऊन म्हणाली, "तो गुरूच्या मागे होता. आज आलाय दुसऱ्या बाजूने." त्यावर त्याने शाबासकी दिली नाही, पाठ थोपटली नाही, नुसतं विचारलं, "मागेच होता कशावरून? पुढेही असू शकतो." मुलगी पुन्हा विचारात पडली. तिची आई वर येऊन म्हणाली, "अरे, तिला उत्तर सांगून टाक ना, परवा युनिट टेस्ट आहे."

घरी त्याच्या लग्नाचा विषय निघतो. स्थळ बघायला जातो तेव्हा मुलीकडचे विचारतात, "पुढच्या काही वर्षांचं काय प्लॅनिंग?" आणि हा मनापासून सांगतो. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण, मुंबईत खंडग्रास, पण पावसाळा, त्यामुळे जमल्यास इजिप्त. २० मार्च २०३४ ला खग्रास, काश्मीरमध्ये. आणि २०६१ ला हॅले. तो डिसेंबर २०२३ मध्येच सूर्यापासून सर्वांत लांब जाऊन परत फिरला आहे, त्यामुळे येणार हे नक्की. मुलीचे वडील गृहकर्जाच्या हप्त्यांबद्दल विचारत असतात. एकीने मात्र ऐकून घेऊन विचारलं, "२०६१ मध्ये कोणत्या महिन्यात?" पुढचं अजून ठरलेलं नाही, पण हल्ली वांगणीला जाताना डब्यात दोन पाइप दिसतात.

तर वाचकहो, असा एक मुलगा तुमच्याही सोसायटीत असेल. त्याने अजून धूमकेतू शोधलेला नाही, बहुधा शोधणारही नाही. पेपरात त्याचा फोटो येणार नाही. तो करतो ते एवढंच, की पुस्तकात चार असले तरी दिसले तीन तर तीन लिहायला पोरांना शिकवतो, आणि हे शिकवायला महागडी शाळासुद्धा तयार नसते. तो किल्ली मागायला आला तर चार प्रश्न कमी विचारा आणि देऊन टाका. टाकीवरचा हॅलोजन तासभर बंद ठेवा. चोर तेवढ्यात येत नाहीत, आले तर त्यांनाही तो रांगेत उभं करील. आणि तुमच्या पोराला त्याच्याकडे पाठवा, वही देऊन. सोबत खोडरबरही द्या.