छत्तीसचा आकडा

सासुरवाडीला जाताना जावयाने नवे कपडे घालावेत अशी रीत आहे. मी गाडीला नवे टायर घातले.

गाडी म्हणजे एक जुनी, सेकंडहँड फोर बाय फोर. 'ही कुठल्याही डोंगरावर चढते,' असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. गेली तीन वर्षं ती आमच्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर न चुकता चढत होती. टायर गुळगुळीत झाले तेव्हा म्हटलं, आता घालायचेच तर असे घालू, की पार्किंगमध्ये उभी असतानासुद्धा गाडी मोहिमेवर निघाल्यासारखी दिसली पाहिजे. मूळचं माप 235/70 आर 16. मी घेतले 245/75 आर 16, आणि तेही 'एलटी', म्हणजे लाइट ट्रकच्या जातीचे, दहा प्लायच्या ताकदीचे. बिल पाहून ही म्हणाली, "एवढ्यात पैठणी आली असती." आम्ही पुण्याहून निघालो होतो लासलगावला, आणि येवलं तिथून फार लांब नाही. मी विषय वाढवला नाही.

दुकानातल्या मुलाने चारही टायरांत 45 पीएसआय हवा मारली. "इतकी?" असं विचारलं, तर म्हणाला, "टायर मोठा आहे ना साहेब." या तर्काने हत्तीला रोज फुगवावं लागेल. पण दुकानदाराशी वाद घालायचा तर आधी स्वतःला काहीतरी माहीत असावं लागतं.

नारायणगावपर्यंत माझ्या लक्षात आलं, की रस्त्यावर पडलेल्या नाण्याचा छापा वर आहे की काटा, हे आता मला मणक्याने सांगता येतं. संगमनेरला हिने विचारलं, "टायर रबराचेच आहेत ना?" सिन्नरच्या अलीकडे एका पंपावर थांबलो. हवा भरणाऱ्या पोराने मीटर लावला आणि दचकला. "साहेब, पन्नास! पस्तीस करतो."

"पस्तीसच का?"

"सगळ्यांना पस्तीस."

महाराष्ट्रात हा आकडा पवित्र आहे. दहावीलाही पस्तीसच लागतात. चारही टायर फुस्स करून त्याने मला पास केलं. आता टायर तापलेले होते आणि तापलेली हवा आकडा फुगवून सांगते, ही गोष्ट त्यालाही माहीत नव्हती आणि मलाही. टायरचा खरा आकडा गाडी तीनेक तास उभी राहून थंड झाल्यावर घ्यायचा असतो. सूनबाईचं मत लग्नाच्या मांडवात विचारायचं नाही, तसंच हे.

सिन्नरहून गोदावरी ओलांडून निफाड, विंचूरला डावीकडे, आणि लासलगाव. मीटर पाहतो तर सासुरवाडी बाराएक किलोमीटर जवळ आलेली! आनंद फार टिकला नाही. नवा टायर जुन्यापेक्षा घेराने पाच टक्के मोठा, त्यामुळे चाक कमी वेळा फिरतं आणि मीटर कमी मोजतो. तो ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी चौऱ्याऐंशीने पळत असते. अंतर होतं तेवढंच होतं. सासुरवाडी अशी जवळ येत नसते.

जानेवारीतलं लासलगाव डोळ्यांच्या आधी नाकाला दिसतं. रस्त्याच्या कडेला लाल टरफलं वाऱ्यावर पळत असतात, आणि समोर एकामागे एक ट्रॅक्टर, पिकअप, पुन्हा ट्रॅक्टर. इथली बाजार समिती 1947 सालची. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी इथे कांदाही उघड लिलावात उभा राहिला, आणि तेव्हापासून दोघांचाही भाव रोज बदलतो. गावाजवळच भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' आहे. 2002 सालापासून तिथे कांद्याला किरणं देऊन कोंब येणं थांबवतात, आणि 2007 मध्ये अमेरिकेला निघालेला हापूसही इथूनच किरणं घेऊन गेला. अणुशक्ती कांद्याला वळण लावू शकते. टायरमध्ये हवा किती, हे सांगायला मात्र या गावात अणुशास्त्रज्ञ लागत नाही, प्रत्येकजण सांगतो.

सासरे आणि मेहुणा ट्रॉली घेऊन आवारात रांगेला लागलेले होते. मी गाडी बाहेर लावली, दोघांना वाकून नमस्कार केला, आणि मेहुण्याची नजर चाकांकडे गेली. "दाजी, जोरात टायर हो! हवा किती मारता?"

मी म्हणालो, "तेच बघून राहिलो." एवढं पुरलं. लासलगावात कुणी एकदा 'किती' म्हटलं, की लिलाव सुरू होतो.

मेहुण्याने ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचून 28 ची बोली लावली. ती गाडीच्या कंपनीची, पण मूळच्या टायरसाठी. सिन्नरचे 35 मी सांगितले, पुण्याचे 45 ही सांगितले. एक पिकअपवाला पुढे सरसावला : "मागच्या चाकाला 65. त्याशिवाय माल ओढत नाही." ट्रॅक्टरवाल्याने त्याला हात केला : "माझ्या मागच्या टायरला 12. वावरात त्याहून जास्त लागत नाही." एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, मफलर सोडत, अधिकारवाणीने म्हणाले, "आम्ही शंभराखाली गाडीच काढली नाही." मग कुणीतरी खाली बसून टायरची कडाच वाचली : "कशाला भांडता? छापलंय इथं. 80!"

सासरे एवढा वेळ गप्प होते. म्हणाले, "आमच्या बैलगाडीला लोखंडी धाव होती. हवा मारायची तर बैलाला मारायला लागायची." मी ज्ञान पाजळलं : पहिला चालणारा हवेचा टायर 1888 मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने पोराच्या तीनचाकीसाठी बनवला, आणि तो धंद्याने गुरांचा डॉक्टर होता. "बरोबर आहे," सासरे म्हणाले, "म्हणूनच टायरगाडीला आम्ही डनलप म्हणतो. बैलांची दया आली असेल त्याला."

तेवढ्यात लिलाववाले आमच्या ट्रॉलीपाशी आले. व्यापाऱ्याने मूठभर कांदे उचलले, एक अंगठ्याने दाबला, जोड आणि डेंगळे बाजूला टाकले, दोन-तीन आवाज उठले आणि सौदा मिटलाही. सासऱ्यांनी आकडा ऐकला, पावती घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली, आणि परत टायरकडे वळून म्हणाले, "हं. मग किती ठरलं?"

त्या दिवसाचे बाजारभाव माझ्या डायरीत असे आहेत : टायर, एलटी जात. आवक 7 आकडे. किमान 12, कमाल 100, सर्वसाधारण 52.

दुपारी मेहुणा म्हणाला, "वावरात चला दाजी, गाडीचा दम बघू." उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. नुकतं पाणी दिलेलं, काळी माती, ओळीने बसलेल्या बाया रोपं खोचत होत्या. मी ऐटीत फोर बाय फोरचा दांडा टाकला. गाडी वीस फूट गेली आणि शांतपणे खाली बसली, जणू तीही रोपं खोचायला आली होती. बायांनी हात थांबवून पाहिलं. एकीने पदर तोंडाला लावला.

"हवा काढा," मेहुणा म्हणाला.

"अजून?"

"18 वर आणा. रस्ता वेगळा, रान वेगळं."

चिखलात उकिडवं बसून व्हॉल्व्ह दाबताना मी मनातल्या मनात हिशेब केला. एका चाकावर पाचशे किलो धरा. 36 पीएसआयला टायर जमिनीवर ढोबळमानाने 200 चौरस सेंटिमीटर टेकतो, म्हणजे एका फुलक्याएवढा. दाब निम्मा केला की जागा दुप्पट : भाकरीएवढी. फुलक्यावर उभी असलेली गाडी रुतते, भाकरीवर उभी असलेली निघते. निफाड तालुक्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. गाडी गुरगुरत बाहेर आली. "पण 15 च्या खाली जायचं नाही," मेहुणा म्हणाला, "टायर रिमवरून उतरतो. आणि डांबरीवर असंच पळवायचं नाही. कडा वळत राहतात, टायर तापतो, फुटतो."

हवा काढायला दहा मिनिटं लागली होती. भरायला माझा सिगारेट-लायटरवर चालणारा कंप्रेसर लावला. अर्ध्या तासात तो तापून बंद पडला, आणि एका टायरला तीन पीएसआयचा लाभ झाला होता. सासूबाई चहा घेऊन बांधावर आल्या.

"जावईबापू, काय भरून राहिले?"

"पीएसआय, आई. आता 18 आहेत, 36 तरी लागतील."

"एका चाकात?" त्यांनी पदर सावरला. "अगं बाई. चार चाकांत तर अख्ख्या जिल्ह्याचे पोलीस झाले."

संध्याकाळी वीसच्या वेगाने, बैलगाड्यांना वाट देत, गावातल्या टायरवाल्या काकांकडे पोचलो. दुकान म्हणजे एक पत्रा, एक कंप्रेसर आणि पाण्याचं घमेलं. मी सातही आकडे वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि आधी 80 निकालात काढला.

"ती कमाल आहे. यापुढं जायचं नाही, एवढंच. पोत्यावर 50 किलो लिहिलं म्हणून घरी पावशेर साखर आणायला तेवढं भरून आणता का?"

मग 28. "हा खरा, पण जुन्या टायरचा. तुमचा नवा गडी अंगाने दांडगा, पण खुराक जास्त मागतो. जुना जेवढं वजन 28 वर उचलायचा, तेवढंच उचलायला याला जास्त हवा लागते." त्यांच्याकडे कंपनीचा एक तेलकट तक्ता होता : वरती दाब, खाली किलो. जुना टायर 28 वर पावणेआठशे किलोच्या आसपास पेलायचा. नव्याच्या रकान्यात त्या वजनावर बोट ठेवलं, तर वर निघाले 36.

मी हसलो. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तर लग्न, आणि दोन माणसांत छत्तीसचा आकडा आला तर भांडण. टायर आणि माझ्यात नेमकं काय जुळलं होतं, कळेना.

"आता मारून देतो, पण पक्का आकडा सकाळी बघू," काका म्हणाले. "थंड टायरला."

निफाडची जानेवारीतली सकाळ हा प्रकार पुण्याच्या माणसाला सांगून कळणार नाही. पारा एक आकडी. सहा वाजता मी कानटोपी, शाल आणि सासऱ्यांचं घोंगडं घेऊन काकांच्या पत्र्यापाशी उभा. आदल्या संध्याकाळी भरलेले 36 रात्रीत 33 झाले होते. "गळतंय?" मी घाबरून विचारलं. "हवा आखडली. थंडीत तुम्ही नाही का आखडले?" दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय, असा हिशेब. दुपारी ऊन चढलं की तेवढीच परत पसरते, तेव्हा ती काढायची नाही. सिन्नरच्या पोराने नेमकं हेच केलं होतं.

36 भरून काकांनी प्रत्येक टायरवर आडवी खडूची रेघ ओढली. "सरळ रस्त्याने जाऊन या." स्टेशनच्या रस्त्याने जाऊन आलो. रेघ कडेपासून कडेपर्यंत सारखी पुसली होती. मधेच पुसली असती तर हवा जास्त, कडांना पुसली असती तर कमी. पंचवीस हजारांच्या मीटरने सांगावं ते दोन पैशांच्या खडूने सांगितलं.

"झालं तर मग," मी खिशात हात घातला.

"माल किती भरणार?"

"माल कसला? मी आणि ही. रिकामे आलो, रिकामे जाणार."

काका कंप्रेसर बंद करायला निघाले होते, ते थांबले. "लासलगावातून रिकामी गाडी जात नसते," म्हणाले आणि तो चालूच ठेवला.

घरी आलो तर गाडीचं मागचं दार उघडं. आत लाल कांद्याच्या चार गोण्या, गव्हाचं एक पोतं, द्राक्षांची पेटी, तुरीची डाळ, आणि वर शेवग्याच्या शेंगांची एक जुडी, वजन कमी पडेल या भीतीने ठेवल्यासारखी. "एवढं कशाला?" म्हणायची रीत मी पाळली, ते न ऐकायची रीत सासऱ्यांनी पाळली. निघताना काकांच्या पत्र्यापाशी गाडी हळू केली, तर ते नळी हातात घेऊन उभेच. त्यांनी बसलेलं बूड पाहिलं, दाराच्या चौकटीवरचा भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा पाहिला (तो असतो हे मला तेव्हा कळलं), तक्त्यावर बोट फिरवलं. पुढे 36 च ठेवले, मागे 42 मारले. शेवटी अंगठ्याने टायर दाबून पाहिला, व्यापारी कांदा दाबतो तसा.

सिन्नरनंतर त्याच पंपावर डिझेलला थांबलो. तेच पोरगं नळी घेऊन धावलं. "साहेब, पस्तीस करू?"

ही काच खाली करून म्हणाली, "आधी ओझं विचारायचं, मग हवा." मला वाटलं, पैठणी माफ झाली.

पोराने मागे डोकावून पाहिलं. "कांदे! लासलगावहून? काय भाव लागला?"

मी डायरी काढली. तिच्यात हवेचे सात आकडे होते, वर तारीख, खाली सरासरी. सासऱ्यांच्या खिशातल्या पावतीवरचा एक आकडा मात्र विचारायचा राहून गेला होता.