घर्षण नगण्य माना

आठवीच्या विज्ञानात ‘बल व दाब’ नावाचा धडा आहे. त्यात जडत्वाचे तीन प्रकार दिलेत: विराम अवस्थेचं, गतीचं आणि दिशेचं. अमरावती-अकोला जुन्या रस्त्यानं ज्यानं एसटीचा प्रवास केलाय, त्याला हा धडा वाचायची गरज नाही. बडनेऱ्याहून गाडीनं हिसका देऊन वेग घेतला की उभी मंडळी मागच्याच्या अंगावर. पुढे खड्डा दिसून ब्रेक लागला की तीच मंडळी पुढच्याच्या पाठीवर. खड्डा चुकवायला स्टिअरिंग फिरलं की खिडकीतली बाई नवऱ्यावर आणि नवरा अनोळखी म्हातारीच्या मांडीवर. तिन्ही प्रकार एकाच तिकिटात. ‘मागं सरका’ ही कंडक्टरची आरोळी म्हणजे बाह्य बल. पण वऱ्हाडी माणसावर ते चालत नाही.

मग जून २०२२ मध्ये या महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला. गिनीज बुकात नाव गेलं, छाती फुगली. प्रात्यक्षिकांचं जे नुकसान झालं, त्याची नोंद मात्र कुठल्याच बुकात नाही. साहजिकच भाच्याला जडत्व शिकवायची पाळी माझ्यावर आली, तीही मूर्तिजापूरजवळच्या त्याच्या गावी, बाजेवर बसलेल्या त्याच्या आबाजींसमोर.

“बाहेरून बल लागलं नाही, तर चालती वस्तू चालतच राहते,” मी म्हणालो.

आबाजींचा खर्रा घोटणारा हात थांबला. “कोन म्हनते? बैल थांबला की बंडी थांबते. पन्नास वर्सं पाहून रायलो ना मी.”

हसण्यावारी न्यावं असं हे मत नव्हे. ॲरिस्टॉटलही हेच सांगून गेला आणि जवळपास दोन हजार वर्षं भल्याभल्यांनी ते खरं मानलं. गॅलिलिओनं त्याला तडा दिला आणि १६८७ साली न्यूटन नियम छापून मोकळा झाला. एवढा उशीर झाला तो घर्षणापायी. आखाची कुरकुर आणि चाकाखालची ढेकळं रोज डोळ्यांसमोर असताना, बंडी थांबली ती बैलानं ओढणं सोडलं म्हणूनच, असं कुणालाही वाटणार. ‘घर्षण नगण्य माना’ हे पुस्तक एका ओळीत सांगतं. आमच्याकडे आधी आखाला वंगण लावतात, मग मानायचं की नाही ते बघतात.

शेवटी मी तळेगाव दशासरच्या शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, विषय काढला. (२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या बलानं पट विराम अवस्थेत गेला होता, त्याला डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा गतीची परवानगी मिळाली.) “पटात बैल एकदम आवरला, तर छकडा जागेवर थांबतो का?”

“थांबते कायचा? बैलाच्या मांगं धडकते.” आबाजी पटाचे शौकीन. पहिला नियम त्यांनी आपणहून मंजूर केला. दुसऱ्याला वेळच लागला नाही: बैलजोडी तीच, पण रिकामी बंडी झटक्यात वेग घेते आणि कापसानं भरलेली रेंगाळते.

घोडं अडलं तिसऱ्यापाशी. बैल बंडीला जेवढ्या जोरानं पुढे ओढतो, तेवढ्याच जोरानं बंडी बैलाला मागे ओढते.

“मग मामाजी, बंडी हलते कशी?” भाच्यानं नेमकं विचारलं.

उत्तर बैलाच्या खुरांखाली आहे. खूर जमिनीला मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे रेटते. जमिनीचा हा रेटा बंडीच्या ओढीपेक्षा जास्त भरला की जोडी निघाली. हे पाहायचं तर झडीच्या दिवसांत काळ्या वावरात जावं. खूर घोट्यापर्यंत रुततो आणि ‘चुब्बक’ करून रिकामाच वर येतो. धावेवर वीतभर चिखल चढतो, आरे दिसेनासे होतात. बैल जीव तोडून रेटतो, पण माती नुसती मागे सरकते; रेटा जमतच नाही, मग परत येणार तरी किती? तेव्हा धुरकरी शिव्या देत खाली उतरतो आणि खुरांपुढे पऱ्हाट्या अंथरतो. पुस्तकानं नगण्य मानलेलं घर्षण असं पेंढी-पेंढीनं आणून टाकावं लागतं.

“म्हणजे आबाजी, बैलाला पुढे ढकलते ती जमीन,” मी विजयानं म्हणालो.

आबाजींनी खर्रा दाढेखाली सरकवला, गोठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग पोयाले पुरनपोयी बैलाले काऊन चारतो बाप्पा? या वर्सी वावरातच पुरून टाकू.”