बावीस तासांची रात्र

मुंबईतल्या जुन्या, बड्या हॉटेलात उतरणारे पाहुणे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला कंपनीच्या खर्चाने येतो. त्याला गादी, नळ, न्याहारी यांतले काहीही आठवत नाही. दुसरा स्वतःच्या नाहीतर मुलांच्या पैशाने येतो आणि त्याला टॉवेलाची घडीसुद्धा आठवते. मुक्कामाच्या अनुभवांचा अभ्यास या दुसऱ्या प्रकारावरच करावा लागतो.

अशा मुक्कामाबद्दल कुरकुर करण्याची परंपरा हॉटेलांइतकीच जुनी आहे. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल हे एकेकाळचे शहरातले अव्वल ठिकाण. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजातून आणून १८६० च्या दशकाअखेर त्याचा सांगाडा उभा राहिला. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन मुंबईला आला तेव्हा तिथे उतरला. पुढे प्रवासवर्णनात त्याने मुंबईतल्या हॉटेलच्या रात्रीबद्दल जे लिहिले, त्यात आरडाओरडा, दारांची आदळआपट आणि पहाटे पाचला सुरू होणारे कावळे यांना भरपूर जागा आहे. कावळ्याच्या अवगुणांची तर त्याने लांबलचक यादीच दिली. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे वॉटसनमध्ये दाखवली गेली आणि हॉटेलचे नाव इतिहासात पक्के झाले. आज हॉटेल बंद होऊन दशके लोटली, इमारत मोडकळीला आली. कावळे मात्र कामावर वेळेवर हजर होतात.

वॉटसनला मागे टाकले ते जमशेटजी टाटांच्या ताजमहाल हॉटेलने. ते उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला १९२४ मध्ये. ताज गेटवेसमोर आहे असे सगळे म्हणतात. वयाचा मान ठेवायचा तर गेटवे ताजसमोर आहे. या इमारतीची एक गोष्ट प्रत्येक पाहुण्याला टॅक्सीवाला, गाइड किंवा सोबतचे एखादे जाणकार काका यांच्यापैकी कुणीतरी सांगतेच: नकाशा उलटा धरला गेला, हॉटेलची पाठ समुद्राकडे झाली आणि त्या धक्क्याने वास्तुरचनाकाराने वरून उडी टाकली. यातले खरे एवढेच की प्रवेशद्वार पूर्वी शहराच्या बाजूला होते. घोडागाड्या तिकडूनच यायच्या, आणि जास्तीत जास्त खोल्यांना समुद्राचा वारा मिळावा हा त्यामागचा साधा व्यवहार होता. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरे होण्याआधीच वारले आणि ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीला नेले. पण वैद्यांच्या मृत्यूत उडी नाही, त्यामुळे ही हकिकत कुणी सांगत नाही.

सुरुवातीला पंखा व स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या खोलीचे भाडे दहा रुपये होते आणि जेवणखाणही हवे असेल तर तेरा, असे सांगतात. म्हणजे त्या काळी सोय वाढली की भाडे वाढत असे. आता गंमत अशी की १९७० च्या दशकात शेजारी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यातल्या खोलीपेक्षा जुन्या इमारतीतली खोली महाग पडते. जुनेपणाला भाव आला आहे, आणि तो पाहुण्यानेच आणला आहे. साध्या लॉजमध्ये लिफ्ट रखडली की हाच माणूस मॅनेजरला बोलावतो. शंभर वर्षांच्या हॉटेलात ती रखडली की तो तिचा फोटो काढतो.

मुंबईकर स्वतःच्या शहरातल्या अशा हॉटेलात सहसा राहत नाही. तो आत जातो ते स्वच्छतागृहासाठी, ताठ मानेने, इकडेतिकडे न बघता, जणू वरच्या मजल्यावर कुणीतरी वाट पाहत आहे. राहायचा योग येतो तो लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, मुलांनी परस्पर बुकिंग केल्यामुळे. खोली दुपारी दोनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागते. भाडे दिवसाचे, वापर बावीस तासांचा. हा हिशेब डोंबिवलीहून आलेल्या गृहस्थाला मुलांनी बुकिंग दाखवताच कळलेला असतो. म्हणून जोडपे साडेअकरालाच दाखल होते आणि दोनपर्यंत लॉबीतल्या सोफ्यावर बसते. ते अडीच तास फुकटचे असल्याने सर्वांत सुखाचे जातात. खोली मिळाल्यावर मात्र बाहेर पडायचे नाव काढायचे नाही. सौभाग्यवती म्हणतात, "अहो, खाली चक्कर मारून येऊ या का?" त्यावर उत्तर येते, "अगं, तासाचे सातशे-आठशे पडतायत. बस इथंच."

जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या सहसा सारख्या नसतात. एखादी कोपऱ्यातली म्हणून तिरकी, तर एखादी दोन लहान खोल्या जोडून केलेली. न्हाणीघर नंतर कुठल्यातरी कपड्यांच्या खोलीतून काढलेले असते. त्यामुळे एकाच भाड्यात एकाला समुद्र दिसतो आणि दुसऱ्याला एसीचे कॉम्प्रेसर. ज्याला कॉम्प्रेसर दिसतात तो न्याहारीच्या वेळी खिडकीचा विषय काढत नाही.

सर्वांत कठीण प्रकरण म्हणजे दिवे. इमारतीत वीज टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि प्रत्येक पिढीने आपली बटणे मागे ठेवली. दाराजवळ कार्ड खोचायची खाच, ही सगळ्यांत धाकटी. पलंगाच्या उशाशी सात बटणांची पट्टी, त्यांतल्या दोनांचा कशाशीही संबंध नाही. टेबलावरच्या दिव्याचे बटण वायरीवर, आणि वायर टेबलामागे. रात्री साडेदहाला गृहस्थ एकेक करून सगळे विझवत आणतात, तरी आरशावरचा एक दिवा राहतोच. तो विझवावा तर पंखा बंद होतो. मुख्य बटण दाबले की सगळा अंधार होतो आणि त्या अंधारात आपोआप पडदे उघडू लागतात. शेवटी कार्ड काढले जाते. मग एसी थांबतो आणि दहा मिनिटांत कार्ड परत खोचले जाते. अनुभवी पाहुणे आरशावरच्या दिव्यावर घडी घातलेला टॉवेल टाकून झोपतात. हे करू नये, टॉवेल तापतो.

नळाचे तंत्रही वेगळे असते. गरम पाणी तळघरातून लांबलचक नळीने येते, आणि नळीत आधीचे गार झालेले पाणी उभे असते, ते आधी संपावे लागते. तोवर माणूस टबाच्या उंच कडेवर एक पाय आत, एक पाय बाहेर असा उभा राहतो. साठीच्या माणसासाठी ही अवस्था चांगली नाही. शेवटी तो फोन करतो आणि मदतनीस येतो. संभाषण इंग्रजीत सुरू होते, दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरते, आणि छातीवरची आडनावाची पट्टी वाचली की, "गाव कुठलं?" गाव संगमेश्वराकडचे निघते. त्यानंतर 'सर' जातात. "काका, तो डावीकडं फिरवा आणि पाच मिनिटं सोडून द्या. सगळ्यांचं असंच होतं." नळाचे गुपित कळते. बक्षिशीचा प्रश्न मात्र यामुळे अवघड होतो, कारण गावाकडच्या पोराला पन्नास देणे बरे दिसत नाही आणि पाचशे देववत नाहीत.

पूर्वी न्हाणीघरातल्या साबणाच्या वड्या आणि शाम्पूच्या इवल्या बाटल्या हे मुक्कामाचे हक्काचे उत्पन्न मानले जाई. आता बऱ्याच ठिकाणी मोठ्या बाटल्या भिंतीला कुलूपबंद पट्टीने जखडलेल्या दिसतात. पर्यावरणासाठी, असे शेजारी लिहिलेले असते. घरी नेण्याजोगे उरते ते पातळ पांढऱ्या सपातांचे जोड. ते पहिल्या पावसापर्यंत टिकतात.

न्याहारी भाड्यात धरलेली असल्यामुळे ती गंभीरपणे केली जाते. सात वाजता आत शिरलेले जोडपे साडेनऊला बाहेर येते. पहिली फेरी परदेशी पदार्थांची, ती शिष्टाचार म्हणून. दुसऱ्या फेरीत इडली. तिसऱ्या फेरीत कोपऱ्यातले पोहे सापडतात, आणि त्यांत शेंगदाणे नाहीत यावर एकमत होते. खोलीतल्या फ्रिजमधल्या काजूंना कुणी हात लावत नाही, कारण बॅगेत घरचा चिवडा असतो. तरी बिलात एक काजूचे पाकीट निघतेच, आणि त्यावर काउंटरवर सर्वांत जास्त वेळ जातो. साडेसात हजारांवरच्या भाड्याला १८ टक्के जीएसटी लागतो, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. काजूवाल्या ओळीचा मात्र पिच्छा पुरवला जातो.

काजू वगळले जातात. अभिप्रायाच्या कागदावर सगळ्या रकान्यांत 'उत्तम' भरले जाते, दिव्यांच्या रकान्यातही. येताना कार्डावर अडवून ठेवलेली अनामत परत यायला पुढे काही दिवस लागतात. त्या दिवसांत बँकेचा संदेश आला का, हे डोंबिवलीत सकाळ-संध्याकाळ पाहिले जाते.