बिनभिंतींची शाळा पारखताना

सर्वप्रथम पालकांनी शाळेच्या इमारतीची पाहणी करावी. इमारत नसते. तेव्हा गळके छप्पर, तुंबलेली मोरी आणि फाटकासमोरची गाड्यांची रांग या तिन्ही बाबतींत शाळा निर्दोष आहे, अशी नोंद वहीत करून पुढे जावे. वही मात्र करावीच. आमची अजून आहे. मागच्या पानांवर कॉस्टकोचा हिशेब आहे.

हे मार्गदर्शन विस्कॉन्सिनमधल्या छोट्या, सरकारी, ऑनलाइन शाळेपुरते आहे. सरकारी म्हणजे फी नाही. ऑनलाइन म्हणजे मूल दिवसभर घरी. छोटी म्हणजे सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईच लॅपटॉपचे पासवर्ड बदलून देतात. आमच्या कन्येने सहावीच्या तोंडावर ‘मला बस नको’ हे एकच वाक्य तीन आठवडे लावून धरले, म्हणून आम्हाला या विषयातले तज्ज्ञ व्हावे लागले.

पहिली पायरी, शाळेचे गाव नकाशावर शोधणे. अशी शाळा बहुधा एखाद्या आडगावचे स्कूल डिस्ट्रिक्ट चालवते, आणि ओपन एनरोलमेंटच्या सोयीने राज्यातले कुठलेही मूल तिथे नाव घालू शकते. अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून एप्रिलअखेरपर्यंत. तुमचे मूल त्या पटावर गेले की तुमच्या डिस्ट्रिक्टच्या सरकारी पैशातले 8,000 डॉलरहून जास्त दरवर्षी तिकडे वळते होतात. त्यामुळे मुख्याध्यापक ‘आम्हाला तुमच्या मुलीबद्दल फार आस्था वाटते’ असे म्हणाले, तर ते खरे बोलत आहेत असे समजावे.

दुसरी पायरी महत्त्वाची: शिकवणार कोण? माहितीपत्रकात शिक्षकांच्या फोटोंखाली बारीक अक्षरांत ‘लर्निंग कोच’ असा एक शब्द असतो. तो शोधावा. तो म्हणजे तुम्ही.

या कोचचा इतिहास रंजक आहे. विस्कॉन्सिन व्हर्च्युअल अकादमी नावाच्या शाळेविरुद्ध इथली शिक्षक संघटना कोर्टात गेली. तक्रार अशी, की या शाळेत खरे शिकवतात ते आईबाप आणि त्यांच्याकडे शिकवण्याचा परवाना नाही. डिसेंबर 2007 मध्ये अपील कोर्टाने ते मान्य केले. शाळा बंद पडायची वेळ आली. मग 2008 च्या एप्रिलमध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला: शाळेचे शिक्षक परवानाधारक हवेत, पण मुलाला त्याच्याच घरी मदत करणाऱ्याला परवाना लागणार नाही. थोडक्यात, कोर्टाच्या मते मी शिक्षिका होते पण बेकायदा. विधिमंडळाच्या मते मी कायदेशीर आहे पण शिक्षिका नाही. पगाराच्या बाबतीत दोघांचे एकमत आहे.

हा कायदा पालकांनी मुळातून वाचावा. शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा तो जास्त करमणूक करतो. मुलाने शाळेचे पाच दिवस दिलेल्या कामाला दाद दिली नाही, तर शाळेने पालकांना कळवायचे. एका सत्रात तिसऱ्यांदा असे झाले की मुलाची रवानगी परत आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये होऊ शकते, म्हणजे आमच्या बाबतीत बसमध्ये. हे कलम मी ठळक छापून फ्रिजवर लावले. चोवीस तासांत दहा तासांहून जास्त अभ्यास हिशेबात धरता येत नाही, असेही एक कलम आहे. ते लिहिणाऱ्याच्या शेजारी मराठी कुटुंब राहत असावे.

पालकाच्या प्रश्नाला शिक्षकाने शाळेच्या पुढच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत उत्तर द्यायचे, हेही त्यातच आहे. यावरून एक सोपी चाचणी निघते. प्रवेश घेण्याआधीच शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला चार प्रश्नांची मेल टाकावी आणि सोमवारी घड्याळ लावून बसावे. मी टाकली. तिचे काय झाले ते पुढे येईलच.

तिसरी, चौथी आणि पाचवी पायरी एकत्रच उरकू, कारण तिन्हींत आकडे आहेत. राज्याच्या संकेतस्थळावर शाळेचा निकाल बघावा. शाळा फारच छोटी असेल तर मुले ओळखू येऊ नयेत म्हणून आकड्याच्या जागी चांदणी असते. आमच्या शाळेचा तक्ता म्हणजे कोजागिरीचे आकाश होते. चांदण्यांवरून काही कळत नसेल, तर स्टॅनफर्डच्या क्रेडो या संस्थेचा 2015 चा अहवाल चाळावा. ऑनलाइन चार्टर शाळांतली मुले साध्या सरकारी शाळेतल्या तशाच मुलांपेक्षा वर्षाला वाचनात 72 दिवस आणि गणितात 180 दिवस मागे पडतात, असे त्यात निघाले. शाळेचे वर्षच 180 दिवसांचे धरलेले. म्हणजे गणितापुरते मूल वर्षभर झोपले असते तरी चालले असते. तो हिशेब सगळ्या ऑनलाइन चार्टर शाळांचा सरासरीने आहे, आमच्या चांदण्यांचा वेगळा नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालणे हे लर्निंग कोचचे मुख्य काम आहे.

सहावी पायरी: एक तास वर्गात बसून बघणे. इथे घरातल्या ज्येष्ठांना लांब ठेवावे. मला ते जमले नाही. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, संगमनेरकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आलेले. कन्या डायनिंग टेबलावर लॅपटॉपसमोर, बाजूला पोह्यांची बशी, आणि तिच्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून अण्णा उभे. तपासणीला आल्यासारखे.

पडद्यावर नऊ चौकोन. एकात बाई बटाट्याला तांब्याची तार टोचत होत्या. सात काळे, त्यांत नुसती नावे.

“पट किती?” अण्णांनी विचारले.

“अण्णा, हळू. सगळ्या शाळेत मिळून अठ्ठावन्न.”

“आणि ही सात पोरं हजर आहेत कशावरून?”

हसू नये. ओहायो राज्याने हाच प्रश्न तिथल्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन शाळेला विचारला होता. इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो नावाच्या या शाळेने 2015-16 मध्ये पंधरा हजारांहून अधिक मुलांचे पैसे घेतले होते. तपासणीत 6,300 च्या आसपास मुलांचाच हिशेब लागला. सुमारे आठ कोटी डॉलर परत करा म्हटल्यावर जानेवारी 2018 मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद. सरकारला जे कळायला लेखापरीक्षक लागले, ते अण्णांनी पोह्यांवर कोथिंबीर पडायच्या आत ओळखले.

दुर्दैवाने त्यांचे तेवढ्यावर भागले नाही. ते पुढे वाकले आणि पस्तीस वर्षे प्रार्थनेच्या मैदानावर कमावलेल्या आवाजात इंग्रजीतून म्हणाले, “सर्व मुलांनी तोंडे दाखवावीत!”

माइक चालू होता. कन्येने टेबलावर डोके ठेवले. बाईंचा बटाटा हातातच राहिला. मग डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन उजळला: विस्कटलेले केस, पांघरूण खांद्यावर. मग दुसरा. मिनिटभरात सातही चेहरे हजर, एक तर चक्क उभा राहिलेला. अण्णांनी मान डोलावली, “बसा” म्हणाले मराठीत, आणि बशीतले उरलेले पोहे घेऊन गच्चीकडे गेले.

त्या शुक्रवारी मेल टाकताना मी चौथ्या प्रश्नाखाली माफीही मागितली. सोमवारी दुपारी दोन पन्नासला, म्हणजे मुदतीच्या आत, विज्ञानाच्या बाईंचे उत्तर आले. राज्याची परीक्षा कुठे जाऊन द्यायची, साहित्य घरपोच येते का, गणितात पुढे असलेल्या मुलाला वरच्या वर्गाचे देता का, तुम्ही आजारी पडलात तर बदली कोण, चारही प्रश्नांची सरळ उत्तरे. शेवटच्याचे उत्तर ‘कुणी नाही’ असे होते; हा प्रामाणिकपणा मी वहीत अधोरेखित केला.

खाली त्यांचा एक प्रश्न होता: ते गृहस्थ गुरुवारीही मोकळे असतात का?

अण्णांना सांगितले. त्यांनी चष्मा पुसला आणि मानधनाची चौकशी केली. मी म्हटले, तुमचा व्हिसा ऑक्टोबरपर्यंतचा आहे आणि त्यावर काम करता येत नाही. पण तुम्ही नातीच्या घरी बसून करणार ते शिकवणे नव्हेच, असे इथला कायदाच सांगतो. त्यांनी कायद्याची प्रत मागितली. सध्या ती फ्रिजवरून त्यांच्या उशाशी गेली आहे.